कालचे बंडखोर : दक्षिण आफ्रिकेतील चार पिढ्या आणि वंशभेदाचा लढा

१/२४
१९७६ नंतरचा काळ. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटाच्या तुरुंगात तरुण राजकीय कैद्यांची नवी तुकडी दाखल होऊ लागली होती. अधिकारी समोर आला की कैद्याने डोक्यावरची टोपी काढावी, असा तेथला नियम होता. एका तरुणाला तसा हुकूम झाला, तेव्हा त्याने उलट विचारले, ‘कशासाठी?’ जुने कैदी हे पाहतच राहिले. त्यांतले एक होते नेल्सन मंडेला. सशस्त्र संघर्ष उभारल्याबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या या माणसाला लवकरच आणखी एक धक्का बसला. ही नवी मुले त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चक्क ‘मवाळ’ समजत होती. आपल्याला कोणी मवाळ म्हणावे हा अनुभव नवा होता आणि सुखद नव्हता, अशी कबुली मंडेलांनी आत्मचरित्रात दिली आहे.

२/२४
टिळक-गोखल्यांच्या काळापासून मराठी वाचकाला ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द परिचित आहेत. पण एकाच माणसाला आयुष्याच्या पूर्वार्धात जहाल आणि उत्तरार्धात मवाळ ठरवले जाते, ते कशामुळे? वय वाढले की माणूस थंडावतो, हे त्याचे नेहमीचे उत्तर. तरुण पिढी वंशाच्या प्रश्नावर अधिक उदार असते आणि जुनी पिढी संकुचित, असाही एक सार्वत्रिक समज आहे. दक्षिण आफ्रिकेच्या विसाव्या शतकाला ही दोन्ही सूत्रे नीट लागू पडत नाहीत. तेथील चार पिढ्यांकडे क्रमाने पाहिले, तर त्या-त्या पिढीची मते कोठे घडली हे अधिक स्पष्ट दिसते.

३/२४
पहिली पिढी १९१२ ची. त्या वर्षी ८ जानेवारीला ब्लूमफाँटेन येथे एक संघटना स्थापन झाली. पुढे १९२३ मध्ये तिने ‘आफ्रिकन नॅशनल काँग्रेस’ हे नाव घेतले. पहिले अध्यक्ष जॉन दुबे हे शिक्षणसंस्था चालवणारे, पहिले सचिव सोल प्लाक्ये हे पत्रकार आणि लेखक, तर स्थापनेत पुढाकार घेणारे पिक्सली सेमे हे वकील. मिशनरी शाळांत घडलेली, इंग्रजीवर प्रभुत्व असलेली ही मंडळी होती. ब्रिटिश न्यायबुद्धीवर त्यांचा विश्वास होता. अर्ज, ठराव आणि शिष्टमंडळ ही त्यांची साधने होती.

४/२४
आज हा विश्वास भाबडा वाटेल. मात्र त्याला आधार होता. केप प्रांतात मालमत्तेची वा उत्पन्नाची अट पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांना एकोणिसाव्या शतकापासून मताधिकार होता. दार किलकिले होते आणि शिक्षणाने, सचोटीने ते पूर्ण उघडेल असे मानण्याजोगे काहीतरी समोर होते. पुढे घडले ते उलटेच. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकनांसाठी देशाची अवघी ७ टक्के जमीन राखून ठेवली. दाद मागण्यासाठी १९१४ मध्ये शिष्टमंडळ लंडनला गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. महायुद्धानंतर दुसरे गेले, त्याच्याही पदरी निराशाच आली. १९३६ मध्ये केपमधील आफ्रिकन मतदारांची नावे सर्वसाधारण मतदारयादीतून काढण्यात आली. किलकिले दारही बंद झाले.

५/२४
याच सुमारास दुसरी पिढी शहरात येत होती. वॉल्टर सिसुलू यांचा जन्म १९१२ चा, म्हणजे ते संघटनेच्याच वयाचे. ऑलिव्हर टाम्बो १९१७ चे, मंडेला १९१८ चे. त्यांना कळू लागले तेव्हा मताधिकाराची आशा विझत चालली होती. जोहान्सबर्गमध्ये त्यांनी पाहिले ते पास तपासणारे पोलीस, खाणीकडे जाणारे मजुरांचे लोंढे आणि भाडेवाढीविरुद्ध मैलोगणती पायी जाणारे बसप्रवासी. ज्या आशेवर वडीलधाऱ्यांचे राजकारण उभे होते, ती या तरुणांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

६/२४
१९४० पासून काँग्रेसचे अध्यक्षपद डॉ. आल्फ्रेड झुमा यांच्याकडे होते. अमेरिकेत आणि युरोपात शिकलेले हे डॉक्टर. त्यांच्याविषयी लिहिताना अन्याय होता कामा नये. त्यांच्या हाती आलेली संघटना जवळजवळ मोडकळीस आलेली होती. त्यांनी तिची घडी बसवली, हिशेब लावले, सभासद वाढवले. १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या दारी आपल्या लोकांची कैफियत मांडून आले. लोक अजून पुरेसे संघटित नाहीत, अशा स्थितीत सामूहिक आंदोलन छेडले तर सरकार ते चिरडून टाकेल, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या दृष्टीने तो भित्रेपणा नव्हता, अनुभवाचा सल्ला होता.

७/२४
१९४४ मध्ये जोहान्सबर्गच्या बंटू मेन्स सोशल सेंटरमध्ये काँग्रेसची ‘यूथ लीग’ स्थापन झाली. अध्यक्ष होते अँटन लेम्बेडे, अवघ्या तिशीतले वकील. सिसुलू, टाम्बो आणि पंचविशीचे मंडेला त्यांच्यासोबत होते. मातृसंस्था मूठभर सुशिक्षितांची झाली आहे, ती विनवण्या करण्यात समाधान मानते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९४७ मध्ये लेम्बेडे अकाली निवर्तले. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि ‘अपार्थाइड’ हे राज्याचे अधिकृत धोरण बनले. तरुणांची अधीरता आणखी वाढली.

८/२४
१९४९ च्या अखेरीस मंडेला, सिसुलू आणि टाम्बो सोफियाटाउन येथे झुमांच्या घरी गेले. बहिष्कार, संप आणि कायदेभंगाच्या कार्यक्रमाला पाठिंबा द्या, नाहीतर अध्यक्षपदासाठी आमची मते मिळणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. झुमा संतापले आणि त्यांनी तिघांना वाटेला लावले. रात्र बरीच झाली होती, बाहेर संचारबंदी होती. मंडेलांनी ही हकिकत आत्मचरित्रात सांगितली आहे. डिसेंबरच्या अधिवेशनात ‘कृती कार्यक्रम’ मंजूर झाला, झुमांच्या जागी डॉ. मोरोका आले आणि सिसुलू सरचिटणीस झाले. पिढ्यांची अदलाबदल एका मतदानात झाली.

९/२४
येथे एक अडचणीची गोष्ट नोंदवायला हवी. रणनीतीत जहाल असलेले हे तरुण वंशाच्या प्रश्नावर वडीलधाऱ्यांपेक्षा अधिक संकुचित होते. भारतीय आणि कम्युनिस्ट यांच्याशी संयुक्त लढा देण्यास मंडेलांचा विरोध होता. इतर गट आपल्याला झाकोळून टाकतील, अशी त्यांना भीती वाटे. याउलट ज्यांना ते जुनाट म्हणत, त्या झुमांनी १९४७ मध्ये डॉ. युसूफ दादू आणि डॉ. नायकर या भारतीय नेत्यांबरोबर सहकार्याचा करार केला होता. वय कमी म्हणून मन मोठे, असे समीकरण मांडता येत नाही ते यामुळे.

१०/२४
भारतीयांमध्येही तेव्हा असेच स्थित्यंतर झाले होते. सरकारशी तडजोडी करत व्यापाऱ्यांचे हित सांभाळणारे जुने नेतृत्व मागे सारून दादू आणि नायकर पुढे आले. भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर बंधने घालणाऱ्या कायद्याविरुद्ध १९४६ मध्ये त्यांनी सत्याग्रह सुरू केला. सुमारे २ हजार जण तुरुंगात गेले. डॉक्टर, विद्यार्थी, गृहिणी आपखुशीने तुरुंगात जाताना मंडेलांनी पाहिल्या आणि या लढ्याचा आपल्यावर ठसा उमटल्याचे पुढे लिहिले. १९५२ च्या कायदेभंगात आफ्रिकन आणि भारतीय एकत्र उतरले, ८ हजारांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. मंडेलांचे मत बदलले ते सहवासाने आणि कृतीने.

११/२४
पण प्रत्येकाचे मत असे बदलले नाही. ‘हा देश येथे राहणाऱ्या सर्वांचा, काळ्यांचा आणि गोऱ्यांचाही’ अशी भूमिका १९५५ च्या स्वातंत्र्य सनदेने घेतली. यूथ लीगमधल्याच एका गटाला तो लेम्बेडेंच्या विचाराचा त्याग वाटला. १९५९ मध्ये रॉबर्ट सोबुक्वे यांच्या नेतृत्वाखाली या गटाने ‘पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस’ स्थापन केली. एकाच वयाची, एकाच शाळेत घडलेली माणसे दोन दिशांना गेली. पिढी एका सुरात बोलत नसते. तिचा प्रश्न मात्र समान असतो. १९४० च्या दशकातील तरुणांचा समान प्रश्न होता : विनवण्या संपल्या, आता काय?

१२/२४
२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ जण ठार झाले. दोन्ही संघटनांवर बंदी आली. १९६४ च्या जून महिन्यात मंडेला, सिसुलू आदींना जन्मठेप झाली, टाम्बो परदेशातून लढा चालवू लागले. मागे उरलेल्या घरांत एक दीर्घ शांतता पसरली. खटल्याविना स्थानबद्धता, खबऱ्यांचे जाळे, कोठडीतले मृत्यू. आईबाप मुलांसमोर राजकारण बोलेनासे झाले. बंदी असलेल्या नेत्यांचे शब्द छापणे हाही गुन्हा होता. त्यामुळे पुढच्या पिढीला आपल्या वडिलांचा इतिहास ठाऊकच नव्हता. तिने वडिलांचे मौन तेवढे पाहिले आणि त्याचा अर्थ शरणागती असा लावला.

१३/२४
या तिसऱ्या पिढीची शाळाही वेगळी होती. १९५३ च्या बंटू शिक्षण कायद्याने मिशनऱ्यांच्या शाळा सरकारी नियंत्रणाखाली आणल्या. कायद्यामागचे मंत्री हेन्ड्रिक फर्वूर्ट यांनी सिनेटमध्ये उघडपणे सांगितले, की काही विशिष्ट प्रकारच्या श्रमांपलीकडे गोऱ्या समाजात आफ्रिकनाला स्थान नाही आणि शिक्षणही त्याला अनुरूप हवे. १९७५-७६ मध्ये गोऱ्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ६४४ रँड खर्च होत होते, आफ्रिकन विद्यार्थ्यामागे ४२. पहिल्या पिढीला शाळेने समतेचे आश्वासन दिले होते. या पिढीला शाळेनेच तिची पायरी दाखवून दिली.

१४/२४
१९६७ मध्ये नॅशनल युनियन ऑफ साउथ आफ्रिकन स्टुडंट्स या उदारमतवादी विद्यार्थी संघटनेचे अधिवेशन ऱ्होड्स विद्यापीठात भरले. गोऱ्या प्रतिनिधींना विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली, कृष्णवर्णीयांना मात्र विद्यापीठाने ती नाकारली. त्या प्रतिनिधींत स्टीव्ह बिको हा वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी होता. गोरे मित्र सहानुभूती देतील, निषेधाचा ठराव करतील, पण रात्री झोपायला आपापल्या खोलीत जातील, हे तेथे उघड झाले. १९६९ मध्ये ‘साउथ आफ्रिकन स्टुडंट्स ऑर्गनायझेशन’ ही केवळ कृष्णवर्णीयांची संघटना उभी राहिली. बाविशीचा बिको तिचा पहिला अध्यक्ष झाला.

१५/२४
या तरुणांनी एक शब्द बदलला. सरकारी भाषेत सारे ‘गोरेतर’ होते, म्हणजे गोरे नसलेले. बिकोंच्या सहकाऱ्यांनी हा नकार झुगारून ‘ब्लॅक’ हा शब्द अभिमानाने घेतला आणि त्यात आफ्रिकन, मिश्रवंशीय व भारतीय अशा सर्व पीडितांना सामावून घेतले. स्ट्रिनी मूडली, साथ्स कूपर हे भारतीय वंशाचे तरुण या चळवळीच्या आघाडीवर होते. १९४४ च्या तरुणांनी जी रेषा भारतीयांच्या अलीकडे ओढली होती, ती यांनी पलीकडे नेली. गोऱ्या उदारमतवाद्यांना मात्र त्यांनी बाहेर ठेवले. एकाच पिढीचे वर्तुळ एका बाजूला रुंदावते आणि दुसऱ्या बाजूला आक्रसते, ते असे.

१६/२४
याच काळात मुंबईत काय घडत होते, तेही आठवावे. रिपब्लिकन पक्षातील गटबाजी आणि सत्ताधाऱ्यांशी चाललेल्या तडजोडींना विटलेल्या नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथरची उभारणी केली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दाची व्याप्ती वाढवून त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही घेतले. आधीच्या पिढीविषयीचा भ्रमनिरास आणि स्वतःचे नाव स्वतः ठरवण्याचा हट्ट, या दोन गोष्टी दोन्हीकडे एकाच वेळी दिसतात.

१७/२४
सोवेटो ही जोहान्सबर्गबाहेरची विस्तीर्ण वसाहत. उद्योगांना अर्धकुशल कामगार हवे होते, म्हणून १९७० च्या दशकात तेथे माध्यमिक शाळा वाढवण्यात आल्या. १९७२ ते १९७६ या काळात माध्यमिक विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ३४ हजारांवर गेली. एकाच छपराखाली, एकाच वयाची, कोंबून बसवलेली हजारो मुले. त्यातच १९७५ मध्ये शेजारचे मोझांबिक पोर्तुगिजांच्या जोखडातून मुक्त झाले. गोऱ्यांची सत्ता पडू शकते, याचा पुरावा या पिढीला सीमेपलीकडे मिळाला. त्यांच्या वडिलांच्या तारुण्यात असा पुरावा दक्षिणेच्या या टोकाला कोठेही नव्हता.

१८/२४
गणित आणि सामाजिक शास्त्रे आफ्रिकान्स भाषेतून शिकवावी, असा आदेश १९७४ मध्ये निघाला. अनेक शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. पालकांनी काहीच केले नाही, असे येथे म्हणता येणार नाही. त्यांच्या शालेय मंडळांनी विरोध नोंदवला, त्यापायी १९७६ च्या आरंभी एका मंडळाच्या सदस्यांना पदावरून दूर करण्यात आले. डेस्मंड टुटू यांनी मे महिन्यात पंतप्रधान फोर्स्टर यांना पत्र लिहून उद्रेकाची भीती कळवली. अर्जाचा मार्ग पुन्हा एकदा चोखाळून झाला होता आणि तो कोठे जातो हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

१९/२४
१६ जून १९७६. सकाळी आईबाप नेहमीप्रमाणे आगगाडीने कामावर गेले. मोर्चाची वार्ता बहुतेकांच्या कानी नव्हती. गणवेशातले हजारो विद्यार्थी ऑर्लांडोच्या दिशेने निघाले, त्यांच्या म्होरक्यांत त्सिएत्सी माशिनिनी होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा-तेरा वर्षांच्या हेक्टर पीटरसनचा देह उचलून धावणारा तरुण आणि शेजारी आक्रंदणारी बहीण, हे सॅम न्झिमांचे छायाचित्र जगभर पोहोचले. त्याच दिवशी जमावाने मेल्व्हिल एडेलस्टाइन या गोऱ्या समाजशास्त्रज्ञाला ठार केले. सोवेटोत कल्याणकार्य करणाऱ्या या माणसाने १९७२ मध्ये तेथील विद्यार्थ्यांच्या राजकीय आणि वांशिक मनोवृत्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुलांच्या मनातली धग ज्याने मोजली होती, त्याचाच तिने बळी घेतला.

२०/२४
त्यानंतर मुलांनी सरकारी इमारतींबरोबर बिअर हॉल आणि दारूची दुकाने जाळली. सरकारी मंडळांचा महसूल तेथून येत असे. पण रोष केवळ महसुलावर नव्हता. आपल्या बापांना दारूने गुंगवून ठेवले, अशी ती तक्रार होती. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांनी पालकांना कामावर न जाण्याचे आवाहन केले. कंत्राटी मजुरांच्या वसतिगृहांना विश्वासात घेतले नव्हते. रोजंदारी बुडाली तर गावी चूल पेटणार नाही, अशा त्या माणसांशी रक्तरंजित चकमकी झाल्या, त्यांत पोलिसांची चिथावणीही होती. सप्टेंबरच्या संपापूर्वी मुलांनी याच मजुरांना पत्रके लिहून साद घातली आणि तो संप मोठ्या प्रमाणावर पार पडला. तीन आठवड्यांत ही मुले राजकारणाचा एक मोठा धडा शिकली. पालकही हलले. डॉ. मोटलाना, विनी मंडेला आदींनी ‘ब्लॅक पॅरेंट्स असोसिएशन’ स्थापन करून अंत्यविधी, औषधपाणी आणि कायदेशीर मदत यांचा भार उचलला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देशभरात ५७५ जण मृत्युमुखी पडल्याची नोंद सरकारी चौकशी आयोगाने केली.

२१/२४
आता पुन्हा रॉबेन बेट. टोपी न काढणारी मुले आणि खाणीत दगड फोडून पन्नाशी-साठी गाठलेले कैदी समोरासमोर आले. बाहेर जे संभाषण भीतीने तुटले होते, ते तुरुंगात सुरू झाले. मुलांना कायदेभंगाचा, यूथ लीगचा, बंदीपूर्व लढ्याचा इतिहास प्रथमच प्रत्यक्ष माणसांकडून ऐकायला मिळाला. वडीलधाऱ्यांना कळले की बाहेर एक निर्भय पिढी तयार झाली आहे. हे सहज घडले नाही. पॅट्रिक लेकोटा हा विद्यार्थी संघटनेचा नेता आफ्रिकन नॅशनल काँग्रेसकडे वळला, तेव्हा त्याच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने बागेतल्या काट्याने त्याच्या डोक्यावर प्रहार केला. तुरुंग प्रशासन हल्लेखोरावर खटला भरू पाहत होते. साक्ष देऊ नकोस, असे मंडेलांनी लेकोटाला समजावले. आपसातला तंटा गोऱ्या अधिकाऱ्यांसमोर नेला, तर दोन्ही पिढ्या हरतील, हे त्यामागचे शहाणपण होते.

२२/२४
१९८० च्या दशकात दरी पुन्हा रुंदावली. ‘आधी मुक्ती, मग शिक्षण’ म्हणत मुले शाळांवर बहिष्कार घालू लागली. संशयितांना जळत्या टायरने मारण्यापर्यंत हिंसा गेली आणि पालक आपल्याच मुलांना घाबरू लागले. १९८६ मध्ये पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून शाळेत परतण्याचा, पण शिक्षणच बदलण्याचा मार्ग पुढे ठेवला. त्या वर्षीच्या डर्बन परिषदेत बीजभाषण करणारे पत्रकार होते झ्वेलाखे सिसुलू, वॉल्टर सिसुलूंचे चिरंजीव. वडील तेव्हाही तुरुंगातच होते. गोऱ्या घरांतही भिंतींना तडे जात होते. एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांचे वडील अपार्थाइडच्या मंत्रिमंडळातले मंत्री. त्याच पुत्राने २ फेब्रुवारी १९९० रोजी बंदी उठवली. फर्वूर्ट यांचा नातू विल्हेल्म आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा सदस्य झाला, त्याच्या वडिलांना तो घराण्याशी द्रोह वाटला. मात्र डी क्लर्क स्वतः अनेक वर्षे त्याच राजवटीत मंत्री होते. पिढी बदलली म्हणून मत बदलले असे नाही, राज्य चालवणे अशक्य होत गेले तेव्हा बदलले.

२३/२४
चौथी पिढी १९९४ नंतर जाणती झालेली. तिने पासही पाहिला नाही आणि ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ही पाटीही. २०१५ च्या मार्चमध्ये केपटाउन विद्यापीठात सेसिल ऱ्होड्सच्या पुतळ्याविरुद्ध आंदोलन पेटले, ९ एप्रिलला पुतळा हटला. स्टेलनबॉश विद्यापीठात आफ्रिकान्स माध्यमाविरुद्ध विद्यार्थी उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये शुल्कवाढीविरुद्धचा मोर्चा संसदेच्या आवारात शिरला, पोलिसांनी आवाजी बॉम्ब फेकले. मंडेलांनी जमीन आणि संपत्तीच्या प्रश्नावर तडजोड केली, असे यांतले अनेक जण उघड म्हणू लागले. सरकारचे उपाध्यक्ष होते सिरिल रामाफोसा. १९७४ मध्ये मोझांबिकच्या मुक्तीचे स्वागत करणाऱ्या सभेनंतर हेच रामाफोसा विद्यार्थी म्हणून अनेक महिने स्थानबद्ध होते. बाहेरून दार ठोठावणारा चाळीस वर्षांनी आत बसला होता.

२४/२४
इतिहासात ‘तरुण पिढीचे मत’ असा उल्लेख आला, की तीन गोष्टी तपासाव्यात. ती पिढी कोणत्या शाळेत घडली? ती जाणती झाली तेव्हा कोणता मार्ग नुकताच बंद झाला होता? आणि आधीच्या पिढीचा किती इतिहास तिच्यापर्यंत पोहोचू दिला गेला होता? १९७६ मध्ये सोळा वर्षांचा असलेला विद्यार्थी शार्पव्हिलच्या वर्षी जन्मला होता. वडिलांनी ते हत्याकांड पाहून तोंड मिटले. त्याला हत्याकांडाची आठवण नव्हती, म्हणून तो रस्त्यावर उतरू शकला. आणि आठवण नव्हती, म्हणूनच वडिलांच्या भीतीला तो भ्याडपणा समजला. आज १६ जून हा दक्षिण आफ्रिकेत ‘युवा दिन’ म्हणून सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. त्या सकाळी मोर्चात चाललेली मुले आता आजी-आजोबा झाली आहेत आणि शुल्कासाठी भांडणाऱ्या नातवंडांना ती काय सांगतात, यावर त्या देशाच्या पुढच्या पिढीचे बरेच काही अवलंबून आहे.